भिंतीवर स्लाइड्स, आपल्यासमोर नोट्स: लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडून प्रेझेंटेशन कसं चालवावं

लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला, भिंतीवर चित्र उमटलं, की झालं काम, असं पहिल्यांदा वाटतं. मग स्लाइड शो सुरू करायला एफ५ दाबलं की गोंधळ सुरू होतो. समोरच्यांना दिसतंय तेच आपल्यालाही दिसतंय, मेहनतीने लिहिलेल्या नोट्स कुठेच नाहीत, आणि पुढची स्लाइड कोणती ते आठवत बसावं लागतंय. कधी याच्या उलट होतं: नोट्स भिंतीवर आणि स्लाइड लॅपटॉपवर.

या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतंच. दुसरा पडदा ओळखणं, तो स्वतंत्र धरायचा की पहिल्याची नक्कल समजायची हे ठरवणं, हे काम विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्सचं. पॉवरपॉइंट किंवा लिब्रेऑफिसचं इम्प्रेस स्लाइड शो सुरू करताना सिस्टिमला एवढंच विचारतं, की पडदे किती आहेत? ‘एक’ असं उत्तर आलं तर नोट्स दाखवायला त्याच्याकडे जागाच उरत नाही. म्हणून कामाचा क्रम पक्का ठेवावा: आधी केबल, मग सिस्टिमचं सेटिंग, मग सॉफ्टवेअर, शेवटी आवाज. हा क्रम सोडून थेट पॉवरपॉइंटच्या मेनूंमध्ये शोधाशोध करण्यात लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

पुढे जिथे ‘मॉनिटर’ म्हटलंय तिथे प्रोजेक्टर, टीव्ही, मीटिंग रूममधला मोठा डिस्प्ले, काहीही धरा. लॅपटॉपच्या दृष्टीने ते सगळं सारखंच.

आधी पोर्ट ओळखा

लॅपटॉपच्या कडेला काय काय आहे ते एकदा निवांत बघून ठेवा. सभागृहात पोचल्यावर वाकून बघण्यापेक्षा हे आदल्या दिवशी केलेलं बरं.

एचडीएमआय सगळ्यात सोपं. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. डिस्प्लेपोर्ट दिसायला त्याच्यासारखंच, पण त्याचा एक कोपरा तिरका कापलेला असतो. तेही चित्र आणि आवाज दोन्ही नेतं. जुन्या प्रोजेक्टरवर अजूनही व्हीजीए सापडतं: बहुधा निळ्या रंगाचं, १५ पिनांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं. हे १९८७ सालचं तंत्रज्ञान. त्यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. व्हीजीएचे ते स्क्रू नीट आवळा. सैल राहिलेल्या जोडणीमुळे चित्राला पिवळट किंवा गुलाबी झाक येते, आणि मग प्रोजेक्टरच बिघडला असं वाटत राहतं.

खरी फसगत होते ती यूएसबी-सीमध्ये. पोर्टचा आकार सारखा असला तरी प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतंच असं नाही. काही पोर्ट केवळ चार्जिंग आणि फाइलींची ने-आण यांपुरते असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र मिळण्याची खात्री धरता येते. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती काढून त्या पोर्टला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, म्हणजे यूएसबी-सीमधून चित्र पाठवायची सोय, आहे का ते बघा. तो नसेल तर साधा यूएसबी-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर कितीही महागाचा घेतला तरी चालणार नाही. केबलचंही तसंच आहे. फोनच्या चार्जरसोबत येणारी यूएसबी-सी केबल बहुधा मॉनिटरसाठी उपयोगाची नसते.

कन्व्हर्टर घेताना दिशा बघा. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर उलटा लावून व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेता येत नाही. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयचंही तेच: लॅपटॉपच्या बाजूला काय आणि मॉनिटरच्या बाजूला काय, हे वेष्टनावर वाचूनच घ्या. आणि दुसऱ्याच्या जागी बोलायला जाताना आपला कन्व्हर्टर आपल्या बॅगेत असू द्या. तिथे नक्की असेल, हे आश्वासन फार वेळा मोडतं.

डॉकला किंवा हबला, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला, मॉनिटर लावणार असाल तर आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. काही डॉक डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्रावर चालतात. त्यांच्यासाठी लॅपटॉपवर वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते साधन चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतो, आणि मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगीही द्यावी लागते. अशा डॉकला केबल लावूनही काहीच दिसत नसेल तर ड्रायव्हर नाही हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

चित्र आणणं

मॉनिटर किंवा प्रोजेक्टर आधी चालू करा, त्याचा दिवा स्थिरावू द्या, मग केबल लावा. आजचे लॅपटॉप मागाहून जोडलेला मॉनिटरही ओळखतात, पण जुन्या प्रोजेक्टरबरोबर हा क्रम पाळलेला चांगला.

केबल लावूनही पडदा निळा किंवा काळा असेल तर लॅपटॉपला हात लावण्याआधी प्रोजेक्टरवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबा. एका प्रोजेक्टरला एचडीएमआय-१, एचडीएमआय-२, व्हीजीए अशा अनेक वाटा असतात, आणि तो त्यांतल्या एकाच वाटेकडे बघत असतो. केबल दोन नंबरला आणि प्रोजेक्टर एक नंबरवर, हे इतकं नेहमीचं आहे की ‘सिग्नल नाही’ असं दिसलं की पहिला हात रिमोटकडेच जायला हवा.

‘एक्स्टेंड’ म्हणजे काय आणि तेच का हवं

हा सगळ्या लेखातला कळीचा टप्पा आहे.

विंडोजवर विंडोजचं बटण धरून पी दाबा. चार पर्याय समोर येतात. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त लॅपटॉप. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. ‘एक्स्टेंड’ म्हणजे दुसरा मॉनिटर हा तुमच्या डेस्कटॉपचा पुढे वाढवलेला भाग. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे लॅपटॉप काळा, फक्त बाहेरचा पडदा चालू. अनेक लॅपटॉप पहिल्यांदा प्रोजेक्टर लावला की डुप्लिकेटवरच जातात, म्हणून चित्र येतं पण नोट्स येत नाहीत. एक्स्टेंड निवडा. भिंतीवर तुमच्या डेस्कटॉपचं रिकामं वॉलपेपर दिसलं, त्यावर एकही आयकॉन नाही, तर घाबरू नका. तेच व्हायला हवं होतं.

तिथेच थांबू नका. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘डिस्प्ले’ उघडा. वर १ आणि २ असे चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक पडद्यावर त्याचा नंबर मोठा उमटतो. आता हे चौकोन माउसने ओढून खऱ्या मांडणीसारखे लावा. प्रोजेक्टरचा पडदा तुमच्या डाव्या हाताला असेल तर २ नंबरचा चौकोन १ च्या डावीकडे ठेवा. हे छोटंसं काम बहुतेक जण सोडून देतात, आणि मग बोलता बोलता माउस भलत्याच कडेतून गायब होतो. मांडणी खऱ्यासारखी असेल तर हात आपोआप योग्य बाजूला जातो.

त्याच पानावर लॅपटॉपचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ वर खूण आहे का बघा. मुख्य पडदा लॅपटॉपच असला पाहिजे, याला दोन कारणं आहेत. पॉवरपॉइंट आपणहून स्लाइड दाखवतं ती मुख्य नसलेल्या पडद्यावर. मुख्य पडदा चुकला की नोट्स लोकांसमोर जातात. दुसरं कारण खाजगीपणाचं. विंडोजच्या सूचना मुख्य पडद्यावर येतात. तो लॅपटॉप असला तर कुणाचा निरोप आला हे फक्त तुम्हालाच दिसेल. तरीही ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करूनच बोलायला उभं राहावं. डुप्लिकेट असताना विंडोज ते आपणहून चालू करू शकतं, एक्स्टेंड असताना आपल्यालाच करावं लागतं.

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’ मधलं ‘डिस्प्लेज’ उघडा. बाहेरचा पडदा निवडून ‘यूज अ‍ॅज’ समोर ‘एक्स्टेंडेड डिस्प्ले’ ठेवा, ‘मिरर’ नको. पडदा यादीत दिसतच नसेल तर ऑप्शनचं बटण धरून ठेवा. ‘डिटेक्ट डिस्प्लेज’ हे एरवी लपलेलं बटण समोर येतं. साधी एम१ किंवा एम२ चिप (प्रो किंवा मॅक्स नव्हे) असलेल्या मॅकबुकवर थेट केबलने एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. तिथे दुसरा चालत नसेल तर केबलला दोष देऊ नका.

उबुंटू किंवा ग्नोम असलेल्या लिनक्सवर सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्लेज’ मध्ये ‘जॉइन’ निवडा. सुपर बटण (म्हणजे विंडोजचंच बटण) आणि पी तिथेही हेच काम करतात.

डुप्लिकेट कधीच वापरू नये असं मात्र नाही. एखादं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालवून दाखवायचं असेल, सतत टाइप करायचं, क्लिक करायचं असेल, तर डुप्लिकेटच सोयीचं. एरवी मान वळवून भिंतीकडे बघत माउस शोधावा लागतो. पण नोट्स बघत बोलायचं असेल तर एक्स्टेंडला पर्याय नाही.

अस्पष्ट चित्र, काळ्या पट्ट्या, कापलेल्या कडा

मॉनिटर जोडला की तो आपल्याला कोणकोणती रेझोल्यूशन्स (चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) चालतात याची छोटी यादी लॅपटॉपकडे पाठवतो. या यादीला ईडीआयडी म्हणतात, आणि ती केबलमधल्या वेगळ्या तारांतून जाते. केबल जुनी असेल, पिन वाकलेली असेल किंवा मधे दोन-तीन कन्व्हर्टर एकाला एक जोडलेले असतील, तर चित्र येतं पण यादी येत नाही. मग लॅपटॉप अंदाजाने कमी रेझोल्यूशन धरतो आणि अक्षरं भुरकट दिसतात. अशा वेळी सेटिंग्जमध्ये झटापट करण्याआधी केबल बदलून बघा.

यादी नीट आली असेल तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ज्या रेझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तेच ठेवा. प्रोजेक्टरमध्ये साधारण तीन आकडे भेटतात: १०२४ × ७६८, १२८० × ८०० आणि १९२० × १०८०. पहिल्याचं प्रमाण ४:३, दुसऱ्याचं १६:१०, तिसऱ्याचं १६:९. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी फाइल मुळातच १६:९ मध्ये उघडतं. ती ४:३ च्या जुन्या प्रोजेक्टरवर दाखवली की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. यात बिघाड काही नाही. पट्ट्या खुपत असतील तर ‘डिझाइन’ टॅबमधल्या ‘स्लाइड साइझ’ मधून प्रमाण बदलता येतं, पण हे आधीच, घरी बसून करायचं काम आहे. ऐनवेळी प्रमाण बदललं की प्रत्येक स्लाइडवरचे फोटो आणि मजकूर सरकतात. ऐनवेळी कळलं तर काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, असंच मी सांगेन. कुणाचंही त्यात अडत नाही.

टीव्ही वापरताना वेगळीच गोष्ट घडते. स्लाइडच्या कडा थोड्या कापल्या जातात, वरचं शीर्षक अर्धं दिसतं. याला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि त्याचा इलाज टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘१:१’ किंवा ‘पीसी’ असा एखादा पर्याय शोधा.

फोर-के टीव्हीवर माउस अडखळत चालतोय असं वाटलं तर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, बघा. एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीत फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. ६० साठी एचडीएमआय २.० लागतं. प्रेझेंटेशनपुरतं रेझोल्यूशन १९२० × १०८० वर आणलं की काम होतं. स्लाइड्सना फोर-केची गरज नसते.

आता पॉवरपॉइंट

वरचं सगळं नीट झालं असेल तर पॉवरपॉइंटचं काम थोडक्यात आटोपतं.

१. ‘स्लाइड शो’ टॅबवर जा.
२. ‘मॉनिटर’ समोर ‘ऑटोमॅटिक’ असेल तर राहू द्या. त्याने चुकीचा पडदा निवडला तरच यादीतून हवा तो मॉनिटर नावाने निवडा.
३. ‘यूज प्रेझेंटर व्ह्यू’ वर खूण करा. प्रेझेंटर व्ह्यू म्हणजे फक्त बोलणाऱ्याला दिसणारा, नोट्ससकटचा पडदा. २०१३ पासून ही खूण आधीच असते. २०१० च्या आवृत्तीत ती आपण करावी लागते.
४. एफ५ दाबा. शो पहिल्या स्लाइडपासून सुरू होतो. समोर उघडलेल्या स्लाइडपासून सुरू करायचा असेल तर शिफ्ट आणि एफ५.

लॅपटॉपवर आता चालू स्लाइड, शेजारी पुढची स्लाइड, खाली नोट्स आणि वर घड्याळ दिसेल. भिंतीवर फक्त स्लाइड. नोट्सचा टाइप बारीक वाटला तर खालच्या ‘ए’ अक्षराच्या बटणांनी मोठा करा. टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहूनही वाचता आला पाहिजे.

उलटं झालं, म्हणजे नोट्स भिंतीवर गेल्या, तर शो बंद करायची गरज नाही. प्रेझेंटर व्ह्यूच्या वरच्या पट्टीत ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ आहे, त्यात ‘स्वॅप प्रेझेंटर व्ह्यू अँड स्लाइड शो’ निवडा. दोन्ही पडदे जागा बदलतात. पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून मात्र मुख्य पडद्याचं सेटिंगच दुरुस्त करायला हवं.

बोलताना उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी बोटांना सवयीच्या करून ठेवा. बी दाबलं की भिंतीवरचा पडदा काळा होतो आणि श्रोते तुमच्याकडे बघतात. पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत. चर्चा सुरू झाली की हे आवर्जून करावं. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. शेवटी कुणी ‘तो बाराव्या स्लाइडवरचा तक्ता पुन्हा दाखवा’ म्हणालं तर सगळ्या स्लाइड्स मागे पळवत न्यायची वेळ येत नाही. कंट्रोल आणि एल ने लेझर पॉइंटर, कंट्रोल आणि पी ने पेन. एका अक्षराच्या शॉर्टकटसाठी कीबोर्ड इंग्रजीवर ठेवलेला बरा. आधी मराठीत टाइप करत असाल तर भाषा बदलून घ्या.

प्रोजेक्टर हाताशी नसताना सराव करायचा असेल तर ऑल्ट आणि एफ५ दाबा. एकाच पडद्यावर प्रेझेंटर व्ह्यू उघडतो. नवख्यांनी तरी हा सराव चुकवू नये. त्या खिडकीत काय कुठे आहे हे लोकांसमोर पहिल्यांदा बघण्यात अर्थ नाही.

मॅकवरच्या पॉवरपॉइंटमध्ये कमांड, शिफ्ट आणि रिटर्न ने पहिल्यापासून शो सुरू होतो, ऑप्शन आणि रिटर्न ने प्रेझेंटर व्ह्यू. पडद्यांची अदलाबदल करायचं बटण वर असतं: ‘स्वॅप डिस्प्लेज’.

हातातल्या रिमोटबद्दल, म्हणजे क्लिकरबद्दल, एक गोष्ट. तो लॅपटॉपला कीबोर्डसारखाच वाटतो. त्याची बटणं पेज अप आणि पेज डाउन पाठवतात. त्यामुळे मधेच तुम्ही ब्राउझरवर किंवा दुसऱ्या फाइलवर क्लिक केलं असेल तर क्लिकरचा हुकूम तिकडे जातो आणि स्लाइड जागची हलत नाही. लोक अशा वेळी सेल बदलायला धावतात. त्याऐवजी प्रेझेंटर व्ह्यूच्या खिडकीत एकदा क्लिक करा.

इम्प्रेस, कीनोट, गूगल स्लाइड्स

लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये याच सोयीला ‘प्रेझेंटर कन्सोल’ म्हणतात. ‘स्लाइड शो’ मेनूतल्या ‘स्लाइड शो सेटिंग्ज’ मध्ये ‘प्रेझेंटेशन डिस्प्ले’ समोर ज्याच्यापुढे ‘एक्सटर्नल’ लिहिलंय तो पडदा निवडा, मग एफ५. दुसरा पडदा एक्स्टेंड केलेला असेल तर कन्सोल आपोआप लॅपटॉपवर येतो. आला नाही तर सेटिंगमध्ये तो बंद केलेला नाही ना, ते तपासा.

कीनोटमध्ये दुसरा पडदा दिसताच प्रेझेंटर डिस्प्ले बहुधा न सांगता लॅपटॉपवर येतो. पडदे उलटे झाले तर शो चालू असताना एक्स दाबा, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

गूगल स्लाइड्सची रीत वेगळी आहे, कारण ते ब्राउझरमध्ये चालतं आणि खिडक्या कुठे न्यायच्या हे तुमच्यावर सोडतं. आधी ब्राउझरची खिडकीच ओढून प्रोजेक्टरच्या पडद्यावर न्या. मग ‘स्लाइड शो’ बटणाशेजारचा बाण दाबून ‘प्रेझेंटर व्ह्यू’ निवडा. स्लाइड तिथे पूर्ण पडदा व्यापते आणि नोट्सची वेगळी छोटी खिडकी उघडते. ती ओढून लॅपटॉपवर आणा. छोटी खिडकी उघडलीच नाही तर ब्राउझरने पॉप-अप अडवलं असेल, त्याला परवानगी द्या. इंटरनेटचा भरवसा नसलेल्या ठिकाणी मी गूगल स्लाइड्सवर विसंबायला सांगणार नाही. फाइल पॉवरपॉइंटच्या रूपात उतरवून सोबत ठेवा.

पीडीएफवरून बोलणाऱ्यांसाठी, विशेषतः बीमरमध्ये (लेटेकमधून स्लाइड्स बनवायच्या साधनात) स्लाइड्स करणाऱ्या संशोधकांसाठी, पीडीएफपीसी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. एका पडद्यावर स्लाइड, दुसऱ्यावर पुढची स्लाइड आणि घड्याळ, असं ते दाखवतं.

आवाज आणि व्हिडिओ

एचडीएमआय लावलं की विंडोज बहुतेक वेळा आवाजही तिकडेच पाठवायला लागतं. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल, किंवा असून अगदीच क्षीण असेल, तर व्हिडिओ मुका होतो. घड्याळाजवळचं स्पीकरचं चिन्ह दाबा, आवाज कोणत्या साधनातून बाहेर पडतोय ती यादी उघडा आणि हवा तो स्पीकर निवडा. सभागृहाची ध्वनियंत्रणा हेडफोनच्या केबलने जोडलेली असेल तर यादीतून लॅपटॉपचं स्वतःचं ऑडिओ साधन निवडायचं. व्हीजीए वापरत असाल तर आवाजाची वेगळी केबल लागणारच.

हे बदलल्यावर एक व्हिडिओ प्रत्यक्ष वाजवून बघा. काही सॉफ्टवेअर सुरू होताना जो स्पीकर होता त्यालाच धरून बसतात. आवाज आला नाही तर ते बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

ओटीटीवरचा व्हिडिओ भिंतीवर काळा दिसला आणि आवाज मात्र येतोय, तर त्यामागे एचडीसीपी नावाचं नकलविरोधी संरक्षण असू शकतं. व्हीजीए कन्व्हर्टरमधून ते जात नाही. तुमच्या स्वतःच्या व्हिडिओ फाइलला ही अडचण येत नाही.

आपला व्हिडिओ स्लाइड शोमध्ये झटके खात असेल तर ‘सेट अप स्लाइड शो’ मध्ये जाऊन ‘डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन’ वर खूण करून बघा. आणि लॅपटॉप चार्जरला लावा. बॅटरीवर चालताना अनेक लॅपटॉप आपला वेग कमी करतात.

ऑनलाइन मीटिंगही चालू असेल तर

समोर माणसं, आणि झूम किंवा टीम्सवरही माणसं, अशी मीटिंग आता सर्रास असते. इथे एकच चूक पुन्हा पुन्हा होते: शेअर करताना ‘स्क्रीन १’ निवडली जाते आणि दूरच्या लोकांना तुमच्या नोट्स दिसतात. स्लाइड ज्या पडद्यावर आहे तोच पडदा शेअर करा. चित्रातल्या लघुरूपावरून ते ओळखता येतं, म्हणून आधी स्लाइड शो सुरू करा आणि मग शेअर दाबा. फक्त पॉवरपॉइंटची खिडकी शेअर केली तर अनेकदा स्लाइड शो दिसतच नाही, कारण शो ही वेगळी खिडकी असते. टीम्समध्ये फाइल शेअरच्या यादीतूनच पॉवरपॉइंट लाइव्हने उघडली तर हा पडद्यांचा घोळ टळतो; नोट्स तुम्हालाच दिसतात आणि स्लाइड सगळ्यांना.

काहीच चालत नसेल तेव्हा

सगळं करूनही पडदा काळाच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर विझतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइली तशाच राहतात. तरीही नाही, तर केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावा. मग दुसरी केबल, मग दुसरं पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे जमलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरुवातीपासून.

चित्र मधेच जात-येत असेल आणि केबल फार लांब असेल तर तीच संशयित. साध्या एचडीएमआय केबलला १० मीटरच्या पुढे अडचणी येऊ लागतात. रेझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट कमी केला तर तात्पुरतं निभावतं.

वायरलेस जोडणीसाठी विंडोजवर विंडोज बटण आणि के, मॅकवर एअरप्ले. तिथेही एक्स्टेंडचं तत्त्व तेच. पण गर्दीच्या ठिकाणी वाय-फायवर ताण असतो, चित्र उशिरा पोचतं, व्हिडिओ अडतो. केबल मिळत असेल तर केबलच घ्या.

आणि काम संपल्यावर. केबल काढण्याआधी स्लाइड शो एस्केपने बंद करा, विंडोज आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ वर या, मगच केबल ओढा. तसं न करता केबल काढली तर कधी कधी एखादी खिडकी त्या निघून गेलेल्या पडद्यावरच राहते: खालच्या पट्टीत तिचं चिन्ह दिसतं, पण ती उघडत नाही. ती परत आणायला चिन्हावर क्लिक करून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. खिडकी उडी मारून लॅपटॉपवर येते.